गॅरेजमधली शेगडी आणि विजेचा हीटर

थंडी पडली की डोकेदुखीचे रुग्ण वाढतात. बहुतेकांना सर्दी असते. पण मागच्या आठवड्यात एक गॅरेजवाला आला, सोबत हाताखालचा पोरगा. दोघांचेही डोके दुखत होते, मळमळत होते, अंगातले त्राण गेल्यासारखे वाटत होते. ताप नाही, नाक स्वच्छ. आणि गंमत अशी की, टपरीवर चहाला गेले की डोके उतरायचे, परत कामाला बसले की चढायचे. मी विचारले, "गॅरेजात शेकोटी करता का?"

"शेकोटी नाही डॉक्टरसाहेब, कोळशाची शेगडी. वारं फार येतं म्हणून शटर खाली ओढून घेतो."

निदान तिथेच झाले. बंद जागेत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीर प्राणवायूला मुकते. आधी डोके दुखते, मग गुंगी येते, आणि त्या गुंगीतच माणूस जातो. शटर लावून गाडीचे इंजिन चालू ठेवले तरी हाच वायू कोंडतो. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर गोळी शोधू नका, आधी सगळे मोकळ्या हवेत या आणि मग दवाखाना गाठा. या दोघांना प्राणवायू लावला, बरे वाटले. जाताना गॅरेजवाल्याने विचारले, "मग विजेचा हीटर घेऊ का? कोणता घेऊ?"

हा प्रश्न दुकानदाराचा आहे असे काहींना वाटेल. मला तो डॉक्टरचाच वाटतो, कारण चुकीचा हीटर घेतलेला माणूस शेवटी आमच्याकडेच येतो.

सर्वांत स्वस्त म्हणून लोक उघड्या कॉइलची शेगडी आणतात. माझे स्पष्ट मत आहे की ती कारखान्यात शिरूच देऊ नये. हातात लोखंडी पाना, खाली ओली फरशी आणि शेजारी वीज वाहणारी उघडी तार! एकदा पाना घसरला की पुढचे सांगायला नको.

लाल होणाऱ्या दांडीचा हीटर समोरच्या माणसाला थेट ऊब देतो. त्यामुळे अर्धे शटर उघडे असले तरी उपयोग होतो. पंख्याचा ब्लोअर अशा उघड्या जागेत निरुपयोगी. गरम केलेली हवा रस्त्यावर जाते आणि बिल तुम्ही भरता. सुताराने किंवा गादीवाल्याने तर ब्लोअर घेऊच नये. भुसा, कापूस आत ओढला जातो आणि तापलेल्या तारेवर पडतो.

पण वाहनांच्या गॅरेजात लाल दांडीही धोक्याची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते. कडाक्याच्या थंडीतही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते. आणि आपण हीटर ठेवतो कुठे? जमिनीवर, पायाशी! म्हणून गॅरेजवाल्याला मी तेल भरलेला, पन्हाळीदार पत्र्यांचा हीटर सुचवला. त्यात लाल होणारे काही उघडे नसते आणि तो हवेतला प्राणवायू जाळत नाही. तापायला वेळ लावतो, एवढीच त्याची खोड. तोही टाकीचे काम, थिनर, स्प्रे पेंटिंग चालू असताना लावायचा नाही, कारण त्याच्या थर्मोस्टॅटमध्ये ठिणगी पडू शकते. काम सुरू करण्याआधीच पिन काढून ठेवावी आणि शटर पूर्ण वर करावे.

आता वायरिंग. 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर वीज ओढतो. दिवा-पंख्याचे साधे सॉकेट 6 अँपिअरचे असते. त्यात हीटर घातला की आधी प्लग काळा पडतो, मग वास येतो. 16 अँपिअरचे सॉकेट, जाड वायर, खरेखुरे अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, एवढे वायरमनकडून करून घ्या. हीटर आयएसआय मार्कचाच पाहा. हा हीटर पूर्ण क्षमतेने तासभर चालला तर 2 युनिट खातो, हेही लक्षात असू द्या. दहा बाय दहाच्या बंद गाळ्याला आपल्याकडच्या थंडीत सहसा 1000 ते 1500 वॅट पुरतात.

मधुमेह्यांना वेगळे सांगतो. ज्यांच्या पायाला मुंग्या येतात, संवेदना कमी झाली आहे, त्यांनी हीटरजवळ पाय नेऊ नयेत. चटका बसल्याचे कळत नाही, जखम दुसऱ्या दिवशी दिसते. इतरांनीही रोज नडगी शेकू नये. त्वचेवर जाळीसारखे काळपट डाग पडतात.

खरे तर आपल्याकडे, निफाडसारखी ठिकाणे धरूनही, कडाक्याची थंडी काही आठवड्यांचीच. सिमेंटची फरशी पायांतली ऊब ओढून घेते. तिच्यावर लाकडी फळी टाकली, लोकरी मोजे आणि कानटोपी घातली, तर निम्मे काम होते. हे ऐकून गॅरेजवाला हिरमुसला; त्याला हीटरच हवा होता. काल त्याच्या दारावरून गेलो. फळी टाकली होती. हीटर अजून आलेला नव्हता, वायरमन भिंत फोडत होता. शेगडी बाहेर उघड्यावर होती आणि तिच्यावर चहा उकळत होता.