आजारी मुलाची फी बुडीत का धरावी?

उन्हाळी सुट्टी जवळ आली की कोल्हापुरात पोहणे, कराटे, क्रिकेट, चित्रकला यांच्या वर्गांचे फलक पेठापेठांतून लागतात. चप्पल कारागीर असो की फळांचा व्यापारी, सवलत मिळते म्हणून तो मुलाची वर्षाची फी एकरकमी भरतो. पुढे मुलाला कावीळ होते, डॉक्टर श्रम बंद करावयास सांगतात. पालक फी मागावयास गेला की पावतीवरील ओळ दाखविली जाते : ‘एकदा भरलेली फी परत मिळणार नाही.’ तो निमूटपणे परततो. हाच गृहस्थ दुकानात न पोचलेल्या मालाची आगाऊ रक्कम मात्र कधी सोडत नाही!

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम ६५ खाली एक उदाहरण दिले आहे. गायकाने एक हजार रुपये आगाऊ घेतले व आजारपणामुळे तो गाऊ शकला नाही, तर त्याने नुकसानभरपाई द्यावयाची नाही, पण एक हजार रुपये परत करावयाचे. आपल्या प्रकरणात आजारी पडतो तो शिकणारा. शिकविणारा तयारच असतो. जागेचे भाडे व शिक्षकाचा पगार त्याला चुकत नाही. म्हणून सबंध फी मागणे रास्त नाही. पण सबंध फी गिळणेही रास्त नाही.

शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यात म्हटले आहे. मात्र खेळ, नृत्य, नाट्य यांचे वर्ग त्यातून वगळले आहेत. शाळेने स्वतः चालविलेले उपक्रम ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये दिला. कोचिंग क्लासना मात्र ही सूट दिली नाही. म्हणजे खेळ आणि कलेच्या वर्गांसाठी तयार नियम हाती नाही. तो पालकांनी व वर्गचालकांनी पावतीवरच लिहून घेतला पाहिजे.

हिशेब अवघड नाही. वर्षाची फी सहा हजार आणि तीन महिन्यांनी आजार, तर दीड हजार वर्गाच्या हक्काचे. नोंदणीचा वाजवी खर्च कापावा, बाकी परत करावी; किंवा पालकास मान्य असेल तर मूल बरे झाल्यावर उरलेले महिने द्यावेत.

पालकांनीही व्यवहार चोख ठेवावा. अज्ञान मुलाचा करार होत नाही, सही आपली असते. ती वाचून करावी. शक्यतो तिमाही हप्ते ठरवावेत. आजार कळताच डॉक्टरांचा दाखला जोडून लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. खासगी वर्गाने दाद दिली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तेथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे.

आपल्यापैकी काहीजण स्वतःच असे वर्ग चालवितात. आजारपणाची अट त्यांनी आपल्या पावतीवर आधी छापावी. परत केलेल्या पैशापेक्षा टिकलेले गिऱ्हाईक मोठे, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको.