थेंब आणि टिंब : हौशी विश्वमीमांसेतील ‘बिंदू’

विश्वाच्या आरंभी केवळ एक बिंदू होता, हे विधान हौशी भौतिकीच्या लेखनात वारंवार भेटते. पुढची वाट ठरलेली असते. भूमितीतला बिंदू, महास्फोटाचा बिंदू आणि श्रीचक्रातला बिंदू ही एकाच तत्त्वाची तीन नावे होत, हा निष्कर्ष चार परिच्छेदांत हाती येतो. वैज्ञानिक अशा लेखनाला हसतात. साहित्याचे अभ्यासक ‘हे रूपक आहे’ असे म्हणून त्याला मोकळे सोडतात. यांपैकी दुसरी प्रतिक्रिया अधिक आक्षेपार्ह आहे. येथील चूक गणिताची असण्यापूर्वी वाचनाची आहे, आणि वाचन हे तर समीक्षेचे स्वतःचे क्षेत्र.

युक्लिडने योजलेला शब्द ‘सेमेइऑन’, म्हणजे खूण. ॲरिस्टॉटलकडे ‘स्तिग्मे’ही येतो, त्याचा आणि लॅटिन ‘पुंक्तुम’चा मूळ अर्थ टोचल्याची निशाणी असा आहे. संस्कृत ‘बिंदू’ मात्र प्रथमतः थेंब आहे. थेंबाला आकारमान असते. तो फुगतो, फुटतो, पसरतो. ‘दशरूपका’त बिंदू ही पाच अर्थप्रकृतींपैकी एक आहे: अवांतर प्रयोजनामुळे कथानक तुटू लागले की त्याला सांधून धरणारी. टीकाकार धनिक तिला पाण्यावर पसरणाऱ्या तेलाच्या थेंबाची उपमा देतो. नाट्यशास्त्रात ही उपमा अचूक आहे. परंतु युक्लिडने बिंदूची व्याख्या केली ती ‘भाग नसणे’ या लक्षणाने. ती याच शब्दात ओतली की भागरहित वस्तूला पसरण्याचा धर्म आपोआप चिकटतो. बिंदूतून विश्व पसरले हे मराठी लेखकाला स्वयंसिद्ध वाटते, ते बऱ्याच अंशी या शब्दाच्या ओलाव्यामुळे.

इंग्रजीतही हाच घोटाळा होतो, हा आक्षेप योग्य आहे. तेथे दोष विज्ञानप्रसाराच्या सैल भाषेकडे जातो. लमेत्रने 1931 मध्ये ‘आदिम अणू’ म्हटले होते, बिंदू नव्हे. पेनरोजचा 1965 चा सिद्धान्त, आणि हॉकिंगसह 1970 मध्ये विश्वाच्या आरंभापर्यंत नेलेले त्याचे रूप, कोठल्याही बिंदूचे वर्णन करीत नाही. अवकाश-कालातील काही मार्ग एका मर्यादेपुढे वाढवता येत नाहीत, एवढेच ते सांगते. वर्णन जेथे संपते त्या जागेला वस्तू मानणे म्हणजे पूर्णविरामाला वाक्यातला शब्द मानणे होय.

तरीही हौशी लेखकाच्या मुळाशी असलेला प्रश्न क्षुद्र नाही. शून्य लांबीचे बिंदू कितीही जोडले तरी शून्यच. मग रेषा कोठून आली? वसुबंधूने ‘विंशतिके’त याच जातीची कोंडी परमाणुवाद्यांपुढे टाकली: सहा दिशांनी सहा परमाणू एकाच वेळी भिडले तर मधल्याचे सहा भाग मानावे लागतात, सहाही एकाच जागी असतील तर पिंड परमाणूएवढाच राहतो. वैशेषिकांनी त्र्यणुकाचे मोठेपण घटकांच्या आकाराने नव्हे, त्यांच्या बहुत्वसंख्येने सिद्ध केले. (यात कॅन्टरचे भाकीत शोधू नये, तोही एक हौशी छंदच.) कॅन्टरने 1874 मध्ये दाखवले की रेषेवरील बिंदू गणनीय नाहीत, आणि पुढे उभ्या राहिलेल्या मापनसिद्धान्तात लांबींची बेरीज गणनीय समूहांपुरतीच ग्राह्य धरली जाते. म्हणजे त्या युक्तिवादातला ‘कितीही’ हा शब्दच टिकत नाही. या उत्तराने कोणाचे समाधान न होणे शक्य आहे. तत्त्वज्ञानाला येथे बरेच काम उरते. पण ते न वाचता ‘विज्ञान येथे निरुत्तर आहे’ असे जाहीर करणे ही जिज्ञासा नव्हे.

विरोध करणे हा दोष आहे, असेही नाही. जयंत नारळीकरांनी महास्फोटाच्या कल्पनेवर आयुष्यभर शंका घेतली; 1993 मध्ये हॉइल व बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिरवत् विश्वाचा पर्याय मांडला. बहुसंख्य संशोधकांनी तो स्वीकारला नाही. परंतु तो अमान्य करता आला, कारण कोणत्या निरीक्षणाने तो अडचणीत येईल हे त्यातून काढता येत होते. बिंदुवाद्यांची विधाने कशानेच अडचणीत येत नाहीत. प्रतिवाद झाला की बिंदू गणिती असतो तो आध्यात्मिक होतो, आणि तेथे अडवले की पुन्हा भूमितीत परततो.

हे सरकणे पकडण्याचे कसब साहित्याच्या अभ्यासकाइतके कोणाकडे असावे? पण 1996 च्या सोकल प्रकरणानंतर पुष्कळ समीक्षकांनी भौतिकीविषयी मौन हेच शहाणपण मानले. शिवाय सगळीच भाषा रूपकात्मक असते हे सूत्र वर्गात इतके घोटवले गेले आहे की रूपक आणि व्याख्या यांतला भेद विचारणे मागासलेपणाचे वाटू लागले. नाटकातल्या ‘बीजा’ला खतपाणी किती लागते, असे एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले तर त्याचे गुण कापले जातील. बिंदूच्या बाबतीत मात्र त्याच विद्यार्थ्याला आंतरविद्याशाखीय दृष्टी असल्याचे श्रेय मिळते.