विश्लेषण : आजोबांची बंदूक वारसाने मिळते, परवाना मिळत नाही!

जळगाव, धुळे जिल्ह्यांतल्या जुन्या वाड्यांत बारा बोअरची दुनळी किंवा ठासणीची बंदूक अजूनही सापडते. परवाना ज्यांच्या नावावर होता ते आजोबा गेले, मुले पुण्या-नाशिकला स्थायिक झाली आणि बंदूक कपाटातच राहिली. घरच्यांच्या लेखी ती आठवण असते, संग्राहकाच्या लेखी ठेवा आणि कायद्याच्या लेखी विनापरवाना शस्त्र. या तिढ्यातून बाहेर पडण्याची वाट कायद्यात आहे. ती लोकांपर्यंत पोहोचवणे हे प्रशासनाचे काम आहे.

खान्देशात बंदुकीचा परवाना कोणाकडे असे?

खान्देशचा बंदुकीशी संबंध जुना आणि कडवट आहे. सातपुड्यातल्या भिल्लांना काबूत ठेवण्यासाठी ब्रिटिशांनी १८२५मध्ये जेम्स औट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारली. खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या उठावात ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीची लढाई झाली. त्यानंतर हत्यारे काढून घेण्याचे धोरण कडक झाले आणि १८७८च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा केला. ज्याच्यावर सरकारचा विश्वास, त्याच्या हाती बंदूक, असा तो हिशेब होता. जुन्या घरांतला परवाना म्हणूनच प्रतिष्ठेचा कागद ठरला. स्वातंत्र्यानंतर १९५९चा शस्त्र कायदा आला. परवान्याची अट मात्र कायम राहिली.

बारा बोअर म्हणजे काय? लिव्हर ॲक्शन वेगळी कशी?

एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर असतो. ही नळी आतून गुळगुळीत असते आणि काडतुसातून छर्रे सुटतात. रायफलीच्या नळीत पीळदार खाचा असतात. त्यामुळे एकच गोळी फिरत, दूरवर आणि सरळ जाते.

लिव्हर ॲक्शन रायफलीत चापाच्या भोवतीची कडी ही तरफ असते. ती खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि वर आणली की नवे आत बसते. अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीची १८७३ आणि १८९४ची मॉडेले यासाठी जगभर गाजली. १८९४च्या मॉडेलची रचना जॉन ब्राउनिंग यांची. आपल्याकडे अशी रायफल विरळाच. सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करणे १९८०च्या दशकापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे देशात आहेत त्याच जुन्या बंदुका हातोहात फिरतात आणि त्यांची किंमत चढत जाते.

परवानाधारकाचे निधन झाले तर?

परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो. ती व्यक्ती गेली की इतरांना तो आधार राहत नाही. घर, शेत वारसाने येते तशी बंदूक मालमत्ता म्हणून येते, पण ती बाळगण्याचा हक्क आपोआप येत नाही. कायद्याचे कलम २१ सांगते, की ताबा कायदेशीर राहिला नाही तर बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. जमा केली म्हणजे गेली, ही समजूत चुकीची आहे. ठरलेल्या मुदतीत वारस स्वतःच्या नावावर परवाना घेऊन ती परत मिळवू शकतो किंवा पात्र व्यक्तीला विकू शकतो. मुदत उलटून गेली, तर मात्र जिल्हादंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात.

२०१६च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना मागता येतोच. शिवाय परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा बंदूक २५ वर्षे बाळगली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतो. घरातल्या ज्येष्ठांनी हे वेळीच केले, तर मागच्यांची धावपळ वाचते.

२०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारसा म्हणून मिळणाऱ्या बंदुकाही त्याच दोनात मोजल्या जातात. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. विनापरवाना बंदुकीची शिक्षाही वाढली, ती आता किमान दोन ते कमाल पाच वर्षे आहे.

शंभर वर्षे जुनी असली तरी परवाना लागतो?

घोळ होतो तो इथेच. ‘पुरातन वस्तू आहे, हिला कसला परवाना’ असे सर्रास म्हटले जाते. कलम ४५ कालबाह्य किंवा पुरातन मूल्य असलेल्या शस्त्राला सूट देते, पण एका अटीवर. ते शस्त्र दुरुस्ती करूनही उडू शकणार नाही, असे असले पाहिजे. म्हणजे कसोटी वयाची नाही, उडण्याची आहे. गंजलेली, घोडा मोडलेली दुनळी कारागिराच्या हातून पुन्हा चालू होणार असेल, तर तिला परवाना लागतोच. दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी लागते आणि नळी परस्पर कापून आखूड करणे हा गुन्हा आहे.

जुनी बंदूक उडवून पाहावी का?

जाणकाराने तपासल्याशिवाय अजिबात नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक दुनळ्यांच्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून केलेल्या असत. त्यांवरची लहरदार नक्षी संग्राहकांना भुरळ घालते. पण त्या काळ्या दारूच्या दाबासाठी होत्या. आजच्या धूरविरहित दारूचे काडतूस त्यांत घातले, तर नळी फुटून बोटे जाऊ शकतात.

दुसरा धोका लांबीचा. जुन्या इंग्लिश बंदुकीत काडतुसाचे घर बहुधा ६५ मिलिमीटरचे असते. ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात बसते, कारण उडण्यापूर्वी त्याचे तोंड दुमडलेले असते. उडताना ते तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. त्यामुळे ‘बसले म्हणजे चालेल’ हा नियम इथे जिवावर बेततो. नळीखालच्या चाचणीच्या खुणांवरून ती कोणत्या दारूसाठी तपासली होती हे जाणकाराला कळते.

नळीखाली लांबट मॅगझिन असलेल्या लिव्हर ॲक्शन रायफलीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. काडतुसे एकामागे एक आडवी असतात आणि मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकते. अणकुचीदार गोळी वापरली, तर धक्क्याने मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. म्हणून तिथे चपट्या किंवा बोथट टोकाच्या गोळ्याच वापरतात.

लग्नात, मिरवणुकीत बार काढणे तर आता स्वतंत्र गुन्हा आहे. निष्काळजी गोळीबाराने दुसऱ्याचा जीव धोक्यात आला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

शेतीच्या राखणीचे काय?

रानडुकरांनी मका, केळीत धुडगूस घातला की बंदुकीची आठवण निघते. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय कायद्यात आजही आहे. पण तो परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित प्राण्याला मारायचे, तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते. यावल आणि अनेर धरण अभयारण्यांच्या परिसरात नियम आणखी कडक आहेत. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना देताना मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती आधी घ्यावी लागते.

मग करायचे काय?

भीतीपोटी लोक गप्प बसतात, हा खरा प्रश्न आहे. आजोबांच्या माघारी बंदूक जमा करायची राहिली. आता सांगायला गेलो तर गुन्हा दाखल होईल, म्हणून ती माळ्यावर जाते किंवा रातोरात विहिरीत पडते. काही वेळा ती भलत्याच्या हाती लागते. सातपुड्याच्या सीमेवरून येणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या चोपडा-शिरपूरला नव्या नाहीत. त्या बाजारात एका जुन्या दुनळीची भर पडणे कोणालाच परवडणारे नाही.

गावठी कट्टा विकणारा आणि आजोबांची बंदूक घेऊन स्वतःहून ठाण्यात आलेली विधवा सून यांना एकाच मापाने मोजू नये. कायदाही तसा आग्रह धरत नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल कलम ३खाली खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. तारतम्याला जागा आहे ती इथे. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ठरावीक मुदत जाहीर करावी, तालुक्याच्या गावी शिबिरे घ्यावीत आणि स्वतःहून पुढे येणाऱ्या वारसांवर खटल्याची परवानगी देताना सहानुभूतीने विचार होईल, असे स्पष्ट सांगावे. शिबिरात पोलीस शस्त्रागारातला जाणकार असावा. त्याने बंदूक तपासावी आणि वारसाला पर्याय समजावून द्यावेत. परवाना घ्या, विका, कायमची निकामी करून आठवण म्हणून ठेवा किंवा संग्रहालयाला द्या. निकामी करण्याची पद्धत आणि तिचा दाखला सुटसुटीत हवा, तरच कलम ४५चा आधार कागदावरून घरापर्यंत येईल.

सरकारजमा झालेल्या बंदुका नष्ट करण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे, क्रमांक आणि जुने परवाने नोंदवून ठेवावेत. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळासारखी संस्था असताना हे अवघड नाही. कोणत्या काळी सरकारने कोणावर विश्वास टाकला आणि कोणाला निःशस्त्र केले, याचा पुरावा त्या परवान्यांत आहे. बंदूक वितळली, तरी तो कागद हरवू नये.

घरात अशी बंदूक असेल, तर ती उडवून पाहू नका, समाजमाध्यमांवर तिच्यासोबत फोटो टाकू नका आणि परस्पर विकू नका. जुना परवाना शोधा, वकिलाचा सल्ला घ्या आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या.