60 होमरन मारूनही एमव्हीपी नाही! असं का?

2025च्या मेजर लीग बेसबॉलमध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सच्या कॅल रॅलीने 60 होमरन ठोकले. न्यूयॉर्क यांकीजच्या आरोन जजचे होते 53. तरी अमेरिकन लीगचा 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर' ठरला जज. 30पैकी 17 मतदारांनी त्याला पहिली पसंती दिली, 13 जणांनी रॅलीला. मग हा रॅलीवर अन्याय झाला का?

आधी बेसिक समजून घेऊ. बेसबॉलमध्ये ओव्हर्स नसतात, आउट मोजतात. एका इनिंगमध्ये 3, नऊ इनिंगमध्ये 27. म्हणजे आउट हीच टीमची पुंजी. त्यामुळे बॅटर किती वेळा आउट न होता बेसवर पोचतो, हे महत्त्वाचं. याला म्हणतात ऑन-बेस पर्सेंटेज. जज 0.457, रॅली 0.359. थोडक्यात, 100 वेळा बॅटिंगला आल्यावर जज साधारण 46 वेळा बेस गाठतो, रॅली 36 वेळा. चार वाईड बॉल सोडून मिळणारा 'वॉक'ही यात धरतात. म्हणून पुढच्या वेळी जज बॅट न फिरवता नुसता उभा राहिला, तर कंटाळू नका. तोही त्याच्या खेळाचाच भाग आहे!

आता दुसरी बाजू. रॅली कॅचर आहे. गुडघे मोडून बसायचं, ताशी 150 किमीचे बॉल झेलायचे आणि वर बॅटिंगही करायची. त्याच्याआधी कॅचरचा विक्रम 48 होमरनचा होता. शिवाय काठावरचा बॉल अलगद आत ओढून अंपायरकडून स्ट्राइक मिळवायची कला असते, तिला फ्रेमिंग म्हणतात. पूर्वी हे डोळ्यांना दिसायचं, पण मोजता येत नव्हतं. आता डीआरएसमुळे आपल्या ओळखीचं झालेलं हॉक-आय तेही मोजतं. 2020पासून मेजर लीगची स्टॅटकास्ट सिस्टिम त्यावरच चालते.

गंमत म्हणजे 2026च्या सीझनपासून खेळाडूंना अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला चॅलेंज करायची सोय आहे. म्हणजे ज्या टेक्नॉलॉजीने फ्रेमिंगची किंमत दाखवली, तीच आता ती कमी करू शकते.

माझं मत? पारडं जजकडेच झुकतं, पण थोडंसंच. पटत नसेल तर 'बेसबॉल सॅव्हंट' ही फ्री वेबसाइट मोबाइलवर उघडा, दोघांचे आकडे शेजारी ठेवा आणि मग त्यांची एखादी मॅच बघा. आकड्यांनी वाद मिटत नाही, पण कुठे बघायचं ते नक्की कळतं.