कर्ज फिटणार कसं?

मुलीला मानसशास्त्र शिकायचंय म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘कर्ज फिटणार कसं?’ प्रश्न रास्तच आहे. नुसत्या बी.ए.वर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येत नाही. १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेलं पुढचं शिक्षण घ्यावं लागतं. शिकत असताना बँक सहसा हप्ता मागत नाही, पण व्याज चढतच असतं. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बहुतेक ठिकाणी तारण लागतं, आणि घर असतं वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर.

तेव्हा हिशोब मांडायचाच, पण सगळा. मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढताना हाच प्रश्न किती घरांत विचारला जातो? समुपदेशन केंद्रांतून कितीतरी जणी तुटपुंज्या मानधनावर राबतात, कारण दुसऱ्याचं ऐकून घेणं हा बाईचा स्वभावच मानला जातो. त्याला पगार कशाला!

म्हणून मला वाटतं, मैत्रिणींनो, बी.ए. अनुदानित कॉलेजात करावं, कर्ज लागलंच तर शेवटच्या टप्प्यासाठी राखावं. आणि नोकरीला लागल्यावर मानधनाऐवजी पगार मागावा, एकटीनं नव्हे, सगळ्याजणींनी मिळून.