दार लावलं का?

आरे कॉलनीत राहायला आल्यावर पहिला धडा मिळाला: अंधार पडला की दार बंद. बिबट्याचा शेजार आहे, बॉस! घराचं दार मी इमानेइतबारे लावायचो. इंटरनेटचं मात्र सताड उघडं होतं.

केबलवाल्याने आणलेली वायर थेट लॅपटॉपला लावली होती. एका रात्री सहज ‘नेटवर्क’वर क्लिक केलं, तर समोर कुणा अनोळखी शेजाऱ्याच्या लग्नाचे फोटो! पोटात गोळाच आला. माझाही शेअर्ड फोल्डर उघडाच होता, आणि त्यात सॅलरी स्लिप! २००३च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ वर्म असाच, कुणी काही क्लिक न करता, उघड्या पोर्टमधून विंडोजच्या कॉम्प्युटर्समध्ये घुसला होता.

दुसऱ्याच दिवशी राउटर आणला. दिवे सगळे लागले, नेट मात्र गुल. केबलवाल्याला फोन केला. ‘‘लॅपटॉपला डायरेक्ट लावल्यावर चालतंय ना साहेब? मग लाइन ओके!’’

मेख तिथेच होती. त्याच्याकडे माझ्या लॅपटॉपचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा १२ अक्षर-अंकांचा नंबर, नोंदवलेला. राउटर त्याला परका! मग राउटरच्या सेटिंगमध्ये ‘मॅक क्लोन’ शोधलं, लॅपटॉपचाच नंबर दिला, राउटर बंद करून चालू केला. नेट सुरू!

आता न बोलावता आलेलं कनेक्शन राउटरच्या फायरवॉलवरच अडतं. पण मंडळी, तेवढ्यावर थांबू नका. राउटरसोबत आलेला ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्डही लगेच बदला. कुलूप लावून किल्ली दारावरच टांगण्यात काय अर्थ आहे?