मण्यांच्या माळा

मुलांनो, ‘माणूस माकडापासून झाला’ हे वाक्य मला फार ढिसाळ वाटते. आज हयात असलेला चिंपांझी आपला आजोबा कसा होईल? तो आपला चुलतभाऊ. उभयतांचा पूर्वज सुमारे ६० ते ७० लक्ष वर्षांपूर्वीचा. पण केवळ गुरुजी सांगतात म्हणून हे मानू नका. पेशीतील डीएनएची लिपी अवघ्या चार अक्षरांची असते. चार रंगांचे मणी घेऊन मनुष्य, चिंपांझी व गोरिला यांच्या एकाच जनुकाच्या माळा वर्गात ओवा, शेजारी मांडा आणि न जुळणारे मणी मोजा. २००५ साली चिंपांझीचा डीएनए वाचला गेला, तेव्हा मनुष्याशी ताडलेल्या १०० अक्षरांमागे सुमारे सव्वा अक्षरच निराळे निघाले! गोरिला जरा दूरचा. काही जनुकांत मात्र तोच जवळचा भासतो. म्हणून माळा अनेक ओवा.